शिक्क्याचा रिकामा चौकोन

ओनिशी-सान, तुम्ही त्या दिवशी दहाला यायला नको होतं.

हे एवढं वाक्य मी आधी तुमच्या भाषेत लिहून पाहिलं. जमलं नाही. जपानीत मला माफी मागता येते, आभार मानता येतात, 'आपल्याला त्रास दिला' असं दिवसातून दहा वेळा म्हणता येतं. मोठ्या माणसावर चिडता येत नाही. इंग्रजीत लिहिलं तर ते ऑफिसच्या मेलसारखं दिसायला लागलं. म्हणून मराठीत लिहितेय. ही भाषा मी शाळेत फारशी शिकले नाही, तिच्यात मी फक्त घरी भांडले. तुम्ही असतात तरी तुम्हाला यातलं एक अक्षर वाचता आलं नसतं. त्यामुळे जरा धीर येतो.

पाच आठवडे झाले. सकाळी एक माणूस पेट्रोल घेऊन आपल्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या दारातून आत आला, आणि रेल्वे फाटकाजवळची ती दुमजली इमारत, जिच्या जिन्यात कायम कुणाची तरी छत्री वाळत असायची, दुपारपर्यंत काळी झाली. खालचे काही जण बाहेर पडू शकले. तुम्ही वरच्या मजल्यावर होतात, तुमच्या टेबलापाशी. वरून कुणी बाहेर आलं नाही.

त्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही. ते टीव्हीवर रोज ऐकू येतं. तो कुठे राहायचा, शाळेत कसा होता, त्याला कसला राग होता, हे सांगायला रोज नवा तज्ज्ञ बसवतात. त्याच्या रागाला डॉक्टर मिळाले, वकील मिळाले, तासतासभराच्या चर्चा मिळाल्या. माणूस रागावतो तेव्हा त्याची मान कुठे वळते, बोटं कशी आवळतात, हे तुम्ही तीस वर्षं पेन्सिलीने शोधत होतात, तेव्हा तुमच्यासमोर कुणी माइक धरला नाही. आता धरतायत, पण तुमच्या आईंच्या दाराशी. फाटकापाशी फुलं ठेवायला आलेल्या शाळकरी मुलींना थांबवून विचारतात, 'आता काय वाटतंय?' एका मुलीने उत्तर न देता नुसतं त्या माइककडे पाहिलं. तुम्हाला आवडली असती ती. तिच्या हनुवटीचं चित्र काढायला लावलं असतंत मला.

आईला मी आमचं काम असं समजावलं होतं: एक मुलगी दार उघडते. दार बंद असतानाचं चित्र आणि ते उघडल्यावरचं चित्र मोठे लोक काढतात. मधली सगळी चित्रं आम्ही काढतो. ती नीट झालीत का, हे एक बाई तपासतात. पसंत पडली तर त्या चित्रांच्या पाकिटावरच्या चौकोनात आपल्या नावाचा लाल शिक्का मारतात. नाही पडली तर परत पाठवतात. त्याला रिटेक म्हणतात.

"म्हणजे शाळेतल्या बाईच की," आई म्हणाली. तेव्हापासून आमच्या घरात तुम्ही ओनिशीबाई झालात. 'आज ओनिशीबाईंनी किती वह्या परत केल्या?' हा बाबांचा रोजचा प्रश्न. बाबा इथे कोबेच्या बँकेत बदलून आले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. परत जायचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी राहायचं. मी इथल्याच इंग्रजी शाळेत शिकले, ओसाकाला चित्रकला शिकले आणि तुमच्या हाताखाली येऊन पडले. पडले असंच म्हणते. पहिल्या महिन्यात माझ्या एकाही पाकिटाला तुमचा शिक्का मिळाला नाही.

तुम्ही ओरडत नव्हतात. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही कागद एकावर एक धरून बोटांनी उलटसुलट फडफडवायचात, चित्र हलायचं, तुम्ही थांबायचात. पुन्हा फडफड. मग माझ्याकडे न बघता म्हणायचात, "ईशा-सान, तुझ्या रेषा माफी मागतात."

मी माफी मागायचे.

"बघ. पुन्हा."

तेव्हा ते मला अपमानासारखं वाटायचं. ट्रेनमध्ये मनातल्या मनात मी तुम्हाला उत्तरं द्यायचे, मराठीत. छान उत्तरं असायची. कोबे येईपर्यंत जिंकलेली असायचे.

तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात तो रविवार आठवतो? आईने मसालेभात केला होता, आणि तुमच्या भातावर तूप वाढायचं थांबवतच नव्हती. तुम्ही प्रत्येक चमच्याला मान झुकवत होतात. मी म्हटलं, "आई, पुरे. त्या नको असलं तरी नाही म्हणणार नाहीत."

"तू गप्प बस. त्यांना विचार की, हवंय का म्हणून."

"विचारलं तरी हो म्हणतील! तेच सांगतेय ना!"

"मग हवंच असेल," असं म्हणून आईने माझं मनगट धरून बाजूला केलं, मी हात झटकला, आणि तूप टेबलक्लॉथवर सांडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही चमचा खाली ठेवलात. पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलंत.

"आत्ता काय केलंस? पुन्हा कर."

"काय म्हणतायत?" आईने विचारलं.

"पुन्हा भांड म्हणतायत."

"त्यात काय," आई म्हणाली, "रोजचंच आहे. सांग त्यांना, येत जा."

तुम्ही भाषांतराची वाट न बघता हसलात. तुम्हाला हसताना मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. जाताना दारात बूट घालताना म्हणालात, "आईला जे दिलंस ते मला कधी देत नाहीस."

पुढच्याच आठवड्यात तो कट, म्हणजे दृश्याचा तो तुकडा, माझ्या टेबलावर आला. बाजार, गर्दी, आईने मुलीचं मनगट धरलेलं. मुलगी हात झटकून सोडवून घेते. पडद्यावर दोन सेकंदही नाही. वाटप तुम्ही करत नव्हतात, पण ते पाकीट तुम्ही मागून घेऊन मला दिलंत, हे मला नंतर हायाशी-साननी सांगितलं. तेच, आपल्या पाकिटांचा हिशेब ठेवणारे. माझ्यावर एवढा विश्वास टाकताय हे तुम्ही मला सांगायला हवं होतं. मला वाटलं, शिक्षा आहे.

तीन वेळा परत आला. आगीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळचे सहा वाजले असतील, तुम्ही मला टेबलापाशी बोलावलंत. कागद फडफडवलेत.

"हा राग नाही. हा रुसवा आहे. हात हलतोय, बाकी मुलगी उभी आहे."

आणि मी, कधी नव्हे ते, बोलले. "राग असाही असतो, ओनिशी-सान. सगळेच जण हात झटकत नाहीत. काही माणसं रागावली की स्तब्ध होतात."

आजूबाजूच्या पेन्सिली थांबल्या. तुम्ही चष्मा काढलात. मला वाटलं, झालं, उद्यापासून यायला नको. पण तुमचा चेहरा एखाद्याला बऱ्याच दिवसांनी हवी ती वस्तू सापडावी तसा दिसत होता.

"असतो का? मग मला दाखव. उद्या सकाळी दहाला ये. निवांत भांडू."

तुम्ही कधीच दहाला येत नव्हतात. तुम्ही दुपारी बाराच्या पुढे यायचात, हातात फाटकापलीकडच्या दुकानातला कॉफीचा कप. सगळ्यांना माहीत होतं. तरी तुम्ही लाल पेन्सिलीने पाकिटावर लिहिलंत: 'ईशा-सान. उद्या दहा. सगळ्यात आधी हे.' आणि मुलीच्या खांद्यावर बाण काढून लिहिलंत: 'इथून'.

ते पाकीट मी घरी आणलं. पाकीट बाहेर न्यायचं नाही, हा आपल्याकडचा पहिला नियम. मला सिद्ध करायचं होतं. घरी बसून काढलं, पुसलं, काढलं. सकाळी बघितलं तर मुलगी आधीपेक्षाही जास्त माफी मागत होती.

म्हणून मी एक स्टेशन आधी उतरले. स्टेशनसमोरच्या कोंबिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात, खिडकीपाशी स्टुलावर बसले आणि तुम्हाला मेसेज लिहायला घेतला. 'काम पूर्ण झालेलं नाही, मी आज येऊ शकत नाही.' एवढंच लिहायचं होतं. पण ते उद्धट वाटलं. मग सुरुवातीला माफी घातली. मग शेवटी घातली. मग कारण लिहिलं, ते सबबीसारखं वाटलं, खोडलं. मग तुम्ही माझ्यासाठी लवकर येताय याबद्दल वेगळी माफी. शब्द पुरेसा नम्र आहे का ते शोधून बघितलं. दहाला दहा कमी होते तेव्हा मी बसले होते. पहिला बंब समोरून गेला तेव्हाही मी तो मेसेज दुरुस्तच करत होते.

तो अजून फोनमध्ये आहे. न पाठवलेला. व्याकरणाची एकही चूक नाही त्यात.

मी तो वेळेवर पाठवला असता तर तुम्ही कॉफी आणायला खाली उतरला असतात. फाटक ओलांडून पलीकडे. फाटक लागलं असतं तर चिडून उभ्या राहिला असतात. हे मी रोज काढते, ओनिशी-सान, एकामागून एक, सगळी मधली चित्रं. तुम्ही कॉफीच्या दुकानात शिरता इथपर्यंत दर वेळी येते.

पुण्याहून मावशीचा फोन आला. "देवाची कृपा बाई, आपली ईशा वाचली. सत्यनारायण घाल." मी शेजारीच होते, स्पीकरवर ऐकत होते. आई म्हणाली, "बघते." मी म्हटलं, "घातलास तर मी घर सोडून जाईन." बाबा म्हणाले, "ईशू, ती चांगल्या मनाने म्हणतेय." सगळेच चांगल्या मनाने म्हणतात. ऑफिसातले उरलेले लोक म्हणतात, ट्रेन उशिरा आली हे किती बरं झालं. मी ट्रेन उशिरा आली असं कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी ते आपलं आपण ठरवलं आणि मी त्यांना दुरुस्त केलं नाही. इंटरनेटवर लोक लिहितात, तुमचं काम अमर आहे. तुमचं काम जळालं. ज्यांनी हे लिहिलं त्यांना मी हे सांगू इच्छिते: ते कागद होते, आणि ते जळाले. अमर असलं काही तिथे नव्हतं. एक बाई होती, तिला गुडघेदुखी होती, तिला अजून बरीच वर्षं लोकांची चित्रं परत पाठवायची होती.

मग हायाशी-सानचा फोन. "ओनिशी-सानच्या आई विचारतायत, तिच्या हातचं लिहिलेलं काही उरलंय का. कुणाकडे नसेलच. तरी विचारतोय." थांबून म्हणाले, "आणि त्या एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारतात. ती त्या दिवशी एवढ्या लवकर का गेली होती. आम्हाला कुणालाच माहीत नाही."

मला माहीत होतं. माझ्या कपाटात, स्वेटरांच्या खाली, तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं.

आईला सांगितलं. सगळं, पहिल्यांदाच. ती बराच वेळ पोळीचा तवा पुसत राहिली. मग म्हणाली, "चित्रं दे त्यांना. खांद्यावरचं ते लाल अक्षर आहे ना, तेवढं दे. पाकीट नको देऊस."

"पण दहाचं पाकिटावरच लिहिलंय ना."

"म्हणूनच. अगं, लेक गेलीय त्यांची. आता त्यांना आणखी कशाला? आणि तुला कशाला?"

"त्या विचारतायत, आई."

"विचारू देत. सगळ्याच प्रश्नांना उत्तरं असतात का?" आणि तिने माझं मनगट धरलं. प्रेमानेच. "ईशा, माझं ऐक."

मी हात झटकला.

आणि थांबले. कारण कळलं. आधी खांदा गेला होता. खांदा मागे, मग कोपर, मग मान वळली, आणि हात सगळ्यात शेवटी सुटला. हात तर नुसता मागून आला. तुम्ही लाल बाण काढून 'इथून' लिहिलं होतंत ते मला पाच आठवड्यांनी, माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच आईला दुखावल्यावर कळलं. मला इतका राग आला तुमचा. हे कळलं ते ऐकायला तुम्ही नव्हतात म्हणून.

तुमच्या आई तुमच्यापेक्षाही बुटक्या आहेत, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. नारा शहराच्या बाजूला जाणाऱ्या गाडीत मी पाकीट दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले होते. त्यांनी चहा दिला. बाहेर बातमीवाल्यांची एक गाडी उभी होती म्हणून पडदे ओढलेले होते. मी तोंडपाठ करून गेलेली वाक्यं विसरले. पाकीट पुढे केलं आणि त्यांनी ते वाचलं. चष्मा वर करून, अगदी जवळून. तुम्ही वाचायचात तसंच.

"दहा," त्या म्हणाल्या. "न्याहारीसुद्धा केली नाही तिने. मी म्हटलं, कशाची एवढी घाई? तर म्हणाली, आज एक मुलगी माझ्याशी भांडायला येणार आहे."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तू आली नाहीस."

"नाही."

"फोन का केला नाहीस?"

त्यांचा आवाज चढला होता. पाच आठवड्यांत माझ्याशी पहिल्यांदा कुणीतरी चढ्या आवाजात बोललं. सगळे इतके हळू बोलत होते, ओनिशी-सान, की मला वाटायला लागलं होतं मी पण गेले की काय.

"घाबरले होते."

"कुणाला?"

"ओनिशी-सानना. चित्र चांगलं झालं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मग एकदम, इच्छा नसताना, त्यांच्या नाकातून हसू आलं. "मीही घाबरायचे तिला," त्या म्हणाल्या. "माझी कपड्यांची घडीसुद्धा परत करायला लावायची." आणि मग पुन्हा, हसू पुसून टाकल्यासारखं, "तरी फोन करायला हवा होतास."

"हो."

"हो," त्याही म्हणाल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मी मागितलीही नाही. एवढी माफी मागणारी मी, नेमकी तेव्हा मागितली नाही.

त्या पाकिटावरून बोट फिरवत राहिल्या. कोण कोण काम करून गेलं त्यांचे छोटे लाल शिक्के ओळीने, आणि एक चौकोन मोकळा. "हा कुणाचा?"

"त्यांचा. चित्र पसंत पडलं की त्या मारायच्या."

त्या उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवून, तुमच्यासारख्याच कण्हत. फडताळाच्या खणातून एक लहानशी डबी काढून आणली. तुमचा घरचा शिक्का, बँकेच्या कामाचा. 'ओनिशी' एवढंच कोरलेलं. शाईची डबी उघडली, शिक्का टेकवला, आणि पाकीट स्वतःकडे ओढलं. त्या हे माझ्यासाठी करत होत्या. हे मला स्वच्छ दिसत होतं. माझ्यावर ओरडून झाल्यावर त्यांना मला काहीतरी द्यायचं होतं, आणि त्यांच्याकडे तेवढंच होतं.

मी त्यांचा हात धरला. तुमच्या आईंचा, त्यांच्याच घरात. इथे असं कुणी करत नाही.

"नको," मी म्हटलं. "हे पास झालेलं नाही. रिटेक आहे."

शिक्का हवेत राहिला. त्याच्या टोकावर लाल शाई चमकत होती. पडद्यामागे बातमीवाल्यांच्या गाडीचं दार आपटलं. त्यांनी हळूच शिक्का खाली आणला, कागदाने शाई टिपली, पुन्हा टिपली, आणि डबी बंद केली.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "तिनेही नसता मारला."

पाकीट त्यांच्याकडे आहे. चित्रं मी मागून परत आणली. परवा स्टुडिओच्या तात्पुरत्या जागेत, भाड्याच्या टेबलावर बसून, सगळा कट पहिल्यापासून काढला. आधी खांदा. मुलगी हात सोडवते तेव्हा ती कुणाचीही माफी मागत नाही. हायाशी-साननी कागद फडफडवून पाहिले आणि म्हणाले, नव्या तपासणीसांकडे देऊ या, नव्या पाकिटात. देतील. त्यांचा शिक्का मिळेलही. जुन्या पाकिटावरचा चौकोन रिकामा राहील, आणि तो रिकामा आहे तोवर मला त्या माणसाला, मावशीला, टीव्हीला, तुम्हाला, आणि कोंबिनीच्या खिडकीत बसलेल्या त्या मुलीला काहीही माफ करावं लागणार नाही.

खांद्याचं तुमचं बरोबर होतं, ओनिशी-सान. पण राग स्तब्धही असतो. ते माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही, आणि त्यावर आपलं भांडण व्हायचंय. तुम्ही बाराला यायला हवं होतं. कॉफी घेऊन.